न मोजलेले दिवस

हंसाताई,

शोकसभेत मी तुम्हाला मितभाषी म्हणाले. माईक हातात आला, समोर सगळा स्टाफ, बाजूला हार घातलेला तुमचा फोटो, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "हंसा सिस्टर अत्यंत मितभाषी होत्या." मागच्या दोन रांगांतल्या आपल्या वॉर्डच्या जणी एकदम हसल्या. एकीला तर ठसका लागला. मोठे साहेब चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले. मग मलाही हसू आवरेना आणि मी माईक ठेवून जागेवर जाऊन बसले. तुमची शोकसभा ही अशी पार पडली. तुम्हाला आवडली असती.

तेव्हा बोलता आलं नाही ते आता लिहिते. तुम्ही किती वर्षं नोकरी केलीत, कुठलं प्रशस्तिपत्र मिळालं, हे साहेबांनी वाचून दाखवलंच. त्यात आपलं भांडण कुठे नव्हतं. एवढी वर्षं चहाबरोबर चालवलेलं भांडण, आणि त्याचा निकाल लागायच्या आत तुम्ही एका दुपारी जेवून आडव्या झालात त्या उठलाच नाहीत. भांडण अर्ध्यावर टाकून जायची तुमची रीत नव्हती. मला वाईट वाटलंय तसा थोडा रागही आलाय, तोही सांगून टाकते.

आपला कोविडचा वॉर्ड पहिल्या मजल्यावर. खिडकीतून नारळाचे शेंडे दिसायचे आणि वारा पडला की जीव नकोसा व्हायचा. त्यात ते पीपीईचे कपडे. मी डॉक्टर असून घामाने निथळत उभी असायचे आणि तुम्ही त्याच कपड्यांत एकेका पेशंटला पालथं झोपवत फिरायचात. "एक बाजू झाली, आता दुसरी. तव्यावरचा बोंबील पण एवढी कुरकुर करत नाही, काका." मास्कच्या आतून माणसं हसायची. हसली की ऑक्सिजनचा आकडा खाली यायचा आणि मी तुमच्यावर ओरडायचे. "हसून खाली गेलेला वर येतो, मॅडम," तुम्ही म्हणायचात, आणि तो यायचा.

विषाणूच्या अवतारांना तुम्ही ठेवलेली नावं अजून आपल्या वॉर्डात चालतात. पहिल्या लाटेतला तो मावसभाऊ. येतो, आठवडाभर कोपऱ्यात गप्प बसतो आणि आठव्या दिवशी भांडण काढतो. दुसऱ्या लाटेतला डेल्टा म्हणजे थोरली जाऊ. उंबऱ्यात पाय ठेवला की भांडी आदळायला सुरुवात. आणि नंतरचा ओमिक्रॉन ही धाकटी जाऊ. गावात एक घर सोडत नाही, तोंडाचा पट्टा अखंड चालू, पण हात उगारत नाही. मी एकदा नव्या डॉक्टरांना हेच शिकवलं आणि परीक्षेत कोणी 'थोरली जाऊ' लिहून आलं तर जबाबदार कोण, यावरून आपण अर्धा तास भांडलो.

खरं भांडण मात्र माझ्या तक्त्यावरून होतं. माझ्या वहीत प्रत्येक पेशंटचं एक पान होतं, त्यावरून जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी तो काढला होता. आजार सुरू झाल्यापासून ऑक्सिजन लावायची वेळ कितव्या दिवशी आली, एवढंच त्यात होतं. पहिल्या लाटेतली माणसं आठव्या-नवव्या दिवशी कोसळत होती. दुसऱ्या लाटेतली तिसऱ्या-चौथ्या दिवशीच. मला वाटलं, सापडलं! हा नवा विषाणूच मुळी झपाट्याने माणूस आडवा करतो, आणि ते आपल्या छोट्याशा हॉस्पिटलात मी डोळ्यांनी बघून कागदावर मांडलंय. मी फारच खूश होते. तुम्ही तक्त्यासमोर उभं राहून बराच वेळ बघितलंत आणि म्हणालात, "विषाणू वेगळा असेल. पण तुमचे दिवस बरोबर आहेत का?"

"पेशंटने सांगितलेले आहेत," मी म्हणाले.

"पेशंटने सांगितलं आणि तुम्ही ऐकलंत?"

वर तुमचं आणखी एक होतंच. अवतार ओळखायला नमुने पुण्याला जायचे, सगळ्यांचे नाहीत, काहींचेच, आणि उत्तर यायचं तोवर पेशंट घरी जाऊन कामाला लागलेला असायचा. कोणाच्या अंगात कुठला अवतार आहे हे आम्ही लाट बघून ठरवायचो. "पाहुण्याचं नाव नक्की माहीत नाही आणि स्वभाव सांगताय," असं तुम्ही म्हणालात तेव्हा मी दोन दिवस तुमच्याशी कामापुरतंच बोलत होते.

मग ती दुपार आली. पनवेलच्या एका मोठ्या हॉस्पिटलात एकच खाट मोकळी असल्याचा निरोप आला आणि आपल्याकडे दोन पेशंट खाली घसरत होते. एक तुमच्या थळचे गजानन तांडेल, बोटीवरचे मुख्य. दुसऱ्या, किहीमच्या एक शिक्षिका. तांडेलांच्या कागदावर आजाराचा तिसरा दिवस, बाईंच्या कागदावर पाचवा. तांडेलांचा आकडा बाईंपेक्षा थोडा खालीच होता. तिसऱ्या दिवशी ही गत, म्हणजे खरा चढ अजून पुढेच आहे, हा माणूस इथे तग धरणार नाही, असा मी हिशेब केला आणि स्ट्रेचर तांडेलांकडे न्यायला सांगितलं. तुम्ही स्ट्रेचरची दांडी धरून आडव्या उभ्या राहिलात.

"एक मिनिट थांबा, मॅडम." आणि तांडेलांच्या कानाशी वाकलात. "गजादादा, ताप कवा आला तुला?"

"तीन दिस झाले ना."

"किनाऱ्याला कवा लागलास?"

"तीन दिस झाले. सांगतंय काय मी!"

"आनि दर्यान काय होता?"

तांडेलांनी दम घेत घेत सांगितलं, "दर्यान अंग तापलेला. सहा दिस. तो काय ताप हाय, हंसा? दर्यान सगल्यांचाच अंग तापतं."

मी नागावच्या वाडीत नारळ-सुपारीत वाढलेली. समुद्र मला पाय भिजवण्यापुरता माहीत. दर्यावरचं दुखणं दुखण्यात धरायचं नाही, माणूस किनाऱ्याला लागला की मोजणी सुरू, ही तुमच्या लोकांची रीत मला त्या क्षणी कळली. तिथे ऊन असतं, डिझेलचा धूर असतो, झोप नसते, अंग रोजच मोडून आलेलं असतं. ते काय सांगायचं? बायकोसुद्धा नवरा दारात आला त्या दिवसापासून मोजते.

"हा नवव्या दिवसावर आहे," तुम्ही मला म्हणालात. "याचा चढ होऊन गेला असणार. हा इथे उतरेल. बाई मात्र अजून चढायच्या आहेत."

असा काही पक्का नियम नाही, हे मला माहीत होतं आणि तुम्हालाही. चुकलो असतो तर थळला तोंड दाखवायची सोय तुम्हालाच राहिली नसती. मी बाईंना पाठवलं. वाटेतच त्यांची तब्येत खालावली, पनवेलला मशीनवर गेल्या, आणि पुष्कळ दिवसांनी स्वतःच्या पायांनी किहीमला परत आल्या. तांडेल त्यानंतर तिसऱ्या दिवशी उठून बसले आणि जेवणात सुरमई का नाही म्हणून तुमच्याशी वाद घालू लागले. दोघंही वाचली. तुम्ही त्या दिवशी दोघांनाही वाचवलंत हे मी तेव्हा मोठ्याने म्हटलं नाही, ते आज म्हणते.

तेव्हा मी काय केलं? तांडेलांच्या एकाच नोंदीत तिसरा खोडून नववा लिहिला आणि म्हणाले, "हा अपवाद."

"अपवाद कसला? अर्धा वॉर्ड थळ नि वरसोलीच्या कोळ्यांचा आहे," तुम्ही म्हणालात. आणि मग चहाचा कप खाली ठेवून ते बोललात, जे मला पुढे कितीतरी दिवस टोचत राहिलं. "पहिल्या लाटेत बोटी वर काढलेल्या होत्या, आठवतंय? आधी लॉकडाऊन, मग पावसाळ्याची बंदी. सगळे बाप्ये घरात. ताप आला त्या सकाळपासून बायकांनी बरोब्बर मोजलं. दुसऱ्या लाटेत सगळे दर्यावर. आता मला सांगा, विषाणू घाईचा झाला की मोजणी तोकडी झाली?"

मी हसले. हसण्यावारी नेलं.

ओमिक्रॉन येऊन गेला तेव्हा मला वाटलं, आता तुम्हाला पकडलं. "जानेवारीतही बोटी दर्यावरच होत्या ना? मोजणी तेवढीच तोकडी. तरी माणसं चालत आली आणि चालत घरी गेली. आता बोला!"

तुम्ही हात धुवत होतात. सावकाश पुसलेत. "तेव्हा दंडात सुया होत्या."

"सगळ्यांच्या नव्हत्या."

"ज्यांच्या नव्हत्या त्यांना आधी होऊन गेला होता."

"म्हणजे विषाणूला तुम्ही कशाचंच श्रेय देणार नाही?"

"श्रेय? सत्कार करायचाय का त्याचा?"

अशी तुमच्याशी बोलायची गंमत होती. तुम्ही पुस्तकात न वाचलेलं बोलायचात आणि ते पुस्तकात असायचं. माणूस उशिरा आला म्हणून अत्यवस्थ दिसतो की विषाणू कडक म्हणून, खाटा भरल्यामुळे फक्त जास्त आजारीच आत येतात की काय, लस झालेली की नाही, हे सगळं बाजूला काढल्याशिवाय विषाणूचा खरा स्वभाव कळत नाही. हे मला परीक्षेपुरतं पाठ होतं, आणि तुम्ही ते चहा पिता पिता करायचात.

तरी मी तो तक्ता बदलला नाही. आता खरं कारण सांगते. तालुक्याच्या डॉक्टरांच्या सभेत मी तो दाखवला तेव्हा टाळ्या पडल्या होत्या. पेणचे एक वयस्कर डॉक्टर खास उठून येऊन म्हणाले, "पोरी, नाव काढलंस." आयुष्यात माझ्या एखाद्या कामाला पडलेल्या त्या एवढ्याच टाळ्या. नंतर मी तोच तक्ता आणखी तीन ठिकाणी दाखवला. दर वेळी वाटायचं, पुढच्या वेळी दुरुस्त करू.

तुम्ही निवृत्त झालात त्या दिवशी, गळ्यात हार, हातात नारळ, आणि माझ्या कानात काय म्हणालात? "ते दिवस नीट केलेत का?" मी म्हणाले, करते. "थळला या वही घेऊन. कुठली बोट कधी लागली ते मी सांगते. मला नाही आठवलं तर आळीला आठवेल." मी येते म्हणाले. पहिल्या रविवारी पाहुणे होते. दुसऱ्या रविवारी कसलं तरी प्रशिक्षण. तिसऱ्या रविवारी काहीही नव्हतं, मी वाडीत आरामखुर्चीत बसून होते. आणि पुढचा रविवार यायच्या आत तुम्ही गेलात.

मला पहिलं रडू आलं ते या विचाराने, की आता ते दिवस कोणालाच सांगता येणार नाहीत. तुमच्याबरोबर ते पण गेले. माझा खोटा तक्ता तेवढा मागे राहिला.

बाराव्याला मी थळला आले. वही पिशवीत होती, पण ती काढायची हिंमत नव्हती. लोक सुतकात आहेत आणि ही बाई वही उघडून बसली, असं कोणी म्हणेल याची भीती. तुमच्या ओटीवर बायका बसल्या होत्या, अंगणात पुरुष, आणि तुमचे यजमान धर्माभाऊ खांबाला टेकून होते. गजानन तांडेलांनी मला बघितलं आणि तिथूनच हाक मारली, "मॅडम, वही आनली काय?"

मी चपापले.

"हंसानं सांगून ठेवला होता, मॅडम वही घेऊन येतील म्हनून. आमी तुमची वाट बघतंय तीन रविवार."

ताई, तीन रविवार! तुम्ही मला एका शब्दाने बोलला नाहीत.

मग जे झालं ते तुम्ही बघायला हवं होतं. नावं मी घेतली नाहीत, कोणाचं पान कोणाला दाखवलं नाही, ज्याचं त्याने येऊन सांगितलं. पण गुपचूप सांगायची तुमच्या आळीला सवय आहे कुठे? एक जण म्हणाला, त्या फेरीला घोळ मासा मिळाला होता, म्हणजे आम्ही अमुक दिवशी लागलो. ओटीवरून त्याची बायको ओरडली, "घोल नंतरच्या फेरीला! त्या फेरीला जालं फाटला, आनि तू घरी येऊन मनाच शिव्या घातल्यास!" लगेच दोन पक्ष पडले. कोणी लग्नावरून दिवस लावला, कोणी बर्फाच्या गाडीवरून, कोणी इंजिन बिघडलं त्यावरून. एका म्हातारीने तर सगळ्यांना गप्प केलं आणि पाच बोटी कुठल्या क्रमाने लागल्या ते बोटांवर सांगितलं. मी लिहीत होते आणि हसत होते. बाराव्याच्या घरी इतकं हसू बरं नव्हे, असं कोणी म्हणालं नाही. धर्माभाऊसुद्धा हसले.

आता निकाल ऐका. तिथल्या तिथे दिवस नीट लावल्यावर दोन लाटांमधला बराचसा फरक विरून गेला. त्या लाटेतले तुमचे तिसऱ्या दिवशीचे पेशंट बहुतेक आठव्या-नवव्याचे निघाले. पण सगळा फरक गेला नाही, हेही ऐकून ठेवा. जे कधी दर्यावर गेलेच नाहीत, शिक्षक, दुकानदार, कारखान्यातले, ते दुसऱ्या लाटेत थोडे लवकरच घसरले होते. म्हणजे थोरली जाऊ जरा कडक होतीच. तेव्हा अर्ध्या तुम्ही जिंकलात आणि अर्धी मी, आणि तुम्ही इथे असतात तर दोन्ही अर्धी स्वतःकडे ओढली असतीत. पुढच्या महिन्यात डॉक्टरांची सभा आहे. तिथे मी हा तक्ता फाडून नवा लावणार आहे आणि तो कोणी दुरुस्त करायला लावला ते तुमचं नाव घेऊन सांगणार आहे. टाळ्या पडोत न पडोत.

मी वही मिटत होते तेव्हा धर्माभाऊ जवळ येऊन बसले. "मॅडम, तिचा पान हाय काय त्यात?"

होतं. दुसऱ्या लाटेत तुम्हीही आपल्याच वॉर्डात पेशंट म्हणून झोपलात, तेव्हाचं. मी काढून दाखवलं. आजाराच्या पहिल्या दिवशी भरती, आणि दुसऱ्याच दिवशी ऑक्सिजन. ताई, हाच तर माझा हुकमाचा एक्का होता. भांडण हातातून सुटायला लागलं की मी तुमच्यावर तोच टाकायचे. "तुम्ही तर दर्यावर नव्हतात ना? मग दुसऱ्याच दिवशी कशा कोसळलात?" आणि एरवी कोणाला हार न जाणाऱ्या तुम्ही तेव्हा काहीतरी काम काढून निघून जायचात. मला वाटायचं, निरुत्तर झाल्या.

"हा दिस चुकलाय," धर्माभाऊ म्हणाले. "तिला चार दिस आधीपासून ताप होता. मी बोललो, रजा घे. बोलली, तिघी आधीच आडव्या पडल्यात, मी पन पडले तर वॉर्डात कोन उभा ऱ्हाईल? बोलली, आतमधी सगला अंग झाकलेला असतं, पेशंट सगले तेच दुखना घेऊन आलेले. जेवायला तेवढी एकटी गच्चीवर जाते."

गच्चीवर. मला तो आठवडा आठवला. तुम्ही आमच्यात जेवायला बसत नव्हतात, आमच्यापासून चार हात लांब उभं राहून बोलायचात. मी सगळ्यांसमोर म्हणाले होते, सिस्टरना हल्ली फारच शिष्टपणा आलाय. तुम्ही दारातच होतात. ऐकलंत, आणि डबा घेऊन वर गेलात. नंतर माझ्याशी भांडताना एका वाक्यात जिंकता आलं असतं तुम्हाला. ते वाक्य तुम्ही कधी उच्चारलं नाहीत, आणि इतकी वर्षं माझ्याकडून हरत राहिलात.

मी पहिला खोडला आणि पाचवा लिहिला. तो आकडा लिहिल्यावर पुढचं काही दिसेना. मला माफ करा, ताई. तुम्ही असतात तर हे तोंडावर म्हणायला मला आणखी तीन रविवार लागले असते, हेही मला माहीत आहे.

निघताना धर्माभाऊ फाटकापर्यंत आले. जरा घुटमळले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "मॅडम, मी बोललो ते हंसाला सांगू नका हां. रागावेल."

बोलून गेल्यावर त्यांना कळलं. मी म्हणाले, नाही सांगत. आणि घरी आल्या आल्या बघा, सगळं तुम्हालाच सांगत बसले आहे.